इकोचे गुण कोणी द्यायचे?

गेल्या महिन्यात ह्यांचा इको झाला. खरं तर दुसऱ्यांदा झाला. पहिला तीन आठवडे आधी, दुसऱ्या एका ठिकाणी केला होता. तिथल्या रिपोर्टवर ईएफ ४५ होता, या वेळी ५५. मधल्या तीन आठवड्यांत ह्यांनी काय केलं म्हणाल, तर मीठ कमी खाल्लं (म्हणजे मी कमी घातलं) आणि संध्याकाळचं चालणं सुरू केलं, तेही पाऊस नसेल त्या दिवशी. एवढ्यावर दहा गुणांची वाढ! माझ्या वर्गात तीन आठवड्यांत कुणाचे दहा गुण वाढले असते तर मी आधी शेजारच्या बाकावर कोण बसलं होतं ते पाहिलं असतं.

ज्यांच्या घरात अजून इको शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर थंडगार जेल लावतात, त्यावर प्रोब टेकवतात आणि पडद्यावर आपलं हृदय राखाडी रंगात उघडझाप करताना दिसतं. डाव्या बाजूचा खालचा कप्पा अंगभर रक्त ढकलतो. तो भरलेला असताना त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं शेकडा किती एका ठोक्याला बाहेर पडतं, तो आकडा म्हणजे ईएफ, इजेक्शन फ्रॅक्शन. निरोगी माणसाचाही तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. आमच्या शेजारच्या वहिनी रिपोर्टवर ६० वाचून रात्रभर झोपल्या नव्हत्या. "हृदय साठच टक्के चालतंय हो!" मी म्हटलं, अहो, इथे साठ म्हणजे फर्स्ट क्लासच!

डॉक्टरांना मी विचारलं, ४५ खरे की ५५? ते हसून म्हणाले, "मधलं काहीतरी धरा." माझा चेहरा बघून मग त्यांनी नीट सांगितलं. कप्पा सगळ्यात भरलेला असताना एक आणि सगळ्यात रिकामा असताना एक, अशी दोन चित्रं थांबवायची. दोन्हींत कप्प्याची आतली कड हाताने गिरवायची. मग मशीन हिशेब करतं. पण ती कड कुठे स्पष्ट असते? आमच्या काळच्या सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिकेसारखी, अर्धी उमटलेली, अर्धी अंदाजाने वाचायची. गिरवणारा हात बदलला की आकडा बदलतो. एकाच हाताने दोनदा गिरवलं तरी बदलतो.

हा नुसता कागदावरचा फरक असता तर मी लिहायला बसले नसते. ईएफ ४० किंवा त्याखाली गेला की औषधांचा सगळा संच बदलतो. ३५ आणि त्याखाली असेल तर काही रुग्णांना छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचा विचार सुरू होतो. म्हणजे कुणी ३३ गिरवले आणि कुणी ४२, तर एका माणसाचं पुढचं आयुष्य दोन वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतं.

तरी मी त्या गिरवणाऱ्याला नावं ठेवणार नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं बोर्डाचे पेपर तपासले आहेत. गठ्ठ्यातला पहिला पेपर तपासणारी मी आणि शेवटचा तपासणारी मी, या दोन वेगळ्या बाया असत. एकदा नियामकांनी माझ्यासमोर दोन निबंध ठेवले. जवळजवळ सारखे, एकाच गाइडातून पाठ केलेले. एकाला मी सहा दिले होते, दुसऱ्याला आठ. सकाळ-दुपारचा फरक! तेव्हापासून परीक्षकाच्या वर नियामक का असतो हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तर हे सगळं मी पुण्याच्या भाच्याला फोनवर सांगत होते. तो कॉम्प्युटरवाला. म्हणाला, "मावशी, हे काम आता मशीन करतं, तुला वाचायला पाठवतो." पाठवलं. इंग्रजी होतं, मी मराठी माध्यमाची बी.ए. त्यामुळे तासभर फोनवर त्यानेच शिकवणी घेतली. मला समजलं तसं लिहिते, चूभूद्याघ्या.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लोकांनी इकोचे १०,०३० व्हिडिओ घेतले. प्रत्येकाचा ईएफ आधीच माणसांनी काढलेला होता आणि त्या दोन चित्रांतल्या कडाही गिरवलेल्या होत्या. हे सगळं कॉम्प्युटरला दिलं आणि नियम एकही सांगितला नाही. कप्पा असा ओळख, कड तशी शोध, काही नाही. त्याने उत्तर काढायचं, खऱ्या उत्तराशी ताडून बघायचं, चुकलं तर आतली मोजमापं किंचित हलवायची, पुन्हा काढायचं. असं असंख्य वेळा. लहान मूल व्याकरण न शिकता बोलायला शिकतं, तसंच. याला डीप लर्निंग म्हणतात. गंमत अशी की माणसांनी एका ठोक्यातली दोनच चित्रं गिरवली होती, पण कॉम्प्युटर मधली सगळी चित्रं गिरवायला आपणहून शिकला. शिवाय तो एकेक चित्र सुटं बघत नाही, चित्रामागून चित्र कसं हलतं तेही बघतो, आणि एका ठोक्यावर न थांबता अनेक ठोक्यांची सरासरी काढतो. माणसाला एवढा वेळ कुठला! बाहेर बाकावर वीस जण बसलेले असतात.

हे २०२० साली 'नेचर'मध्ये आलं. त्याचं नाव इकोनेट-डायनॅमिक. आपल्याकडच्याच रुग्णांच्या न पाहिलेल्या व्हिडिओंवर त्याची चूक सरासरी ४.१ गुणांची निघाली. मग लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातले व्हिडिओ दिले, तेव्हा ६ झाली. मी भाच्याला म्हटलं, हे आम्हाला ठाऊक आहे. शाळेच्या सराव परीक्षेत पुढे असणारा मुलगा बोर्डात थोडा मागे येतोच, पेपर दुसऱ्याने काढलेला असतो ना.

पण मला खरं आवडलं ते २०२३ चं काम. त्याच सीडर्स-सायनायमध्ये ३,४९५ इको घेतले. काहींचा पहिला ईएफ कॉम्प्युटरने काढला, काहींचा माणूस टेक्निशियनने, आणि कोणाचा कुणी काढायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. मग ते हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवले, पण हा आकडा कुणाचा हे सांगितलं नाही. म्हणजे आसनक्रमांक झाकून पेपर नियामकाकडे! टेक्निशियनच्या आकड्यांपैकी २७.२ टक्के आकडे तज्ज्ञांनी पाच गुणांहून जास्त बदलले. कॉम्प्युटरचे १६.८ टक्केच. शेवटी त्यांना विचारलं, ओळखा बघू, हा आकडा मशीनचा की माणसाचा? तीनातल्या एका वेळी जेमतेम बरोबर ओळखलं, बाकी चुकलं किंवा सांगता येत नाही म्हणाले.

एवढं ऐकल्यावर माझं मत झालं, आणि ते मी न घाबरता लिहिते. गिरवायचं काम मशीनला द्यावं. पहिले गुण त्याने द्यावेत, डॉक्टरांनी नियामक व्हावं. आमच्या वयाच्या लोकांना "मशीन काय सांगणार, डॉक्टरांचा हात हवा" असं म्हणायची सवय असते. मुळात इको हे मशीनचंच पोर आहे. १९५३ साली स्वीडनमध्ये लुंड इथे एडलर नावाचे डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ यांनी पहिल्यांदा हृदयावर ध्वनिलहरी सोडल्या, तेव्हा सुरुवातीचं यंत्र माल्मोच्या जहाजाच्या गोदीतून उसनं आणलं होतं. तिथे त्याने लोखंडातल्या चिरा शोधत. एके काळी आपल्या आगाशीलाही जहाजं बांधत, पण गोदीतल्या अवजाराने हृदय बघता येईल हे सुचायला स्वीडनचा माणूस लागला. असो.

आता दुसरी बाजू. त्या २०२३ च्या कामात सुरुवातीला ३,७६९ इको होते. त्यातले २७४ बाजूला ठेवले, कारण चित्र बरं नव्हतं. मी भाच्याला इथेच अडवलं. म्हटलं, अरे, हेच तर २७४ मला हवेत! लठ्ठ माणूस, दमेकरी, बरगड्या चिकटलेली म्हातारी, रडणारं मूल. यांची चित्रं खराब येतात, आणि रांगेत तेच जास्त असतात. तो म्हणाला, "मावशी, तू रिसर्च करायला हवा होतास." लोणी लावतो मेला.

दुसरं म्हणजे ते मशीन कप्प्याची आकुंचन-प्रसरण मोजतं. झडप बघत नाही. तुमची झडप आवळलेली असेल आणि ईएफ ६० असेल तर ते ६० म्हणूनच सांगणार, आणि ते खोटंही नसेल. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे, प्रश्नच वेगळा विचारायला हवा होता.

ही झडप माझ्या मनातून जात नाही, त्याचं कारण सांगते. वसईत येण्याआधी मी चार वर्षं जव्हार तालुक्यातल्या एका शाळेत होते. १९७४ च्या सुमाराची गोष्ट. सहावीत एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. वाचायला लागली की वर्ग गप्प बसायचा, असं स्वच्छ वाचायची. पण कवायतीला मागे राहायची. चढ चढताना बसायची. एकदा गुडघा सुजला म्हणून आली नाही, आठवड्याने आली तर म्हणे घोटा दुखतो. मी तिला म्हटलं, "आज गुडघा, उद्या घोटा, नाटकं पुरे." आणि कवायतीच्या तासाला तिला उन्हात उभी केली. पंचवीस वर्षांची होते मी, शिस्त म्हणजे शिक्षण असं वाटायचं. सातवीत ती शाळेतून गेली ती गेलीच. पुढे पाच-सहा वर्षांनी एस.टी. स्टँडवर तिचा भाऊ भेटला. लग्न झालं होतं, पहिल्या बाळंतपणात धाप लागून गेली. ठाण्याच्या कुणा डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की लहानपणच्या तापाने हृदयाची झडप आकसली होती.

त्याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. साधा घसा धरतो, त्याकडे दुर्लक्ष होतं, मग काही मुलांना सांधेदुखी येते, आज हा सांधा तर उद्या तो. सांधे बरे होतात, झडप मात्र कायमची दुखावते. पाच ते पंधरा वर्षांची मुलं, म्हणजे बरोबर शाळेतली. दाटीची घरं, दूरचा दवाखाना. आणि औषध काय, तर पेनिसिलिनचं इंजेक्शन, तीन-चार आठवड्यांनी एक, वर्षानुवर्षं. ते तेव्हाही होतं. मला माहीत नव्हतं एवढंच.

आता हिशेब बघा. कंबोडिया आणि मोझांबिकच्या शाळांमधल्या मुलांची तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या स्टेथोस्कोपने जेवढी मुलं सापडली, त्याच्या जवळजवळ दहापट इकोने सापडली. युगांडात एक लाखाहून अधिक मुलांचे इको केले, ज्यांच्या झडपेत नुकती सुरुवात होती अशा ८१८ मुलांपैकी निम्म्यांना दोन वर्षं इंजेक्शनं दिली. इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार पुढे सरकला, घेतलेल्यांपैकी ०.८ टक्के. म्हणजे लवकर दिसलं तर थांबवता येतं. दिसायला मात्र इको लागतो, आणि इको बघणारा तज्ज्ञ जव्हार-मोखाड्याच्या प्रत्येक शाळेत कुठून आणणार?

इथे मशीनचा खरा उपयोग आहे असं माझं ठाम मत आहे. मुंबईत रुग्णालयापलीकडे रुग्णालय आहे, तिथे मशीनने तज्ज्ञांची पाच मिनिटं वाचवली तर वाचवोत बापडी. पण जिथे तज्ज्ञ पाच तासांवर आहे तिथे आधी न्या ना. अमेरिकेत आठ नर्सेसनी, ज्यांनी कधी इको केला नव्हता, प्रोब कसा फिरवायचा हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने २४० रुग्णांचे इको घेतले. कप्प्याचा आकार आणि काम समजण्याइतकी चित्रं ९८.८ टक्के रुग्णांत मिळाली. झडपांच्या बाबतीत प्रमाण काहीसं कमी आलं. म्हणजे शिकवलेला हातही तयार होऊ शकतो.

आणि आपल्याकडे गाडी तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधून. (तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला.) दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता असं पथक शाळाशाळांतून, अंगणवाड्यांतून फिरतं. तपासायच्या आजारांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहेत, आणि ऱ्हुमॅटिक हृदयरोगही नावानिशी आहे. पण हातात स्टेथोस्कोप. त्यात खळखळ ऐकू आली तर मूल पुढे जातं, नाही आली तर वर्गात परत.

मग दे त्यांना एक प्रोब आणि एक सॉफ्टवेअर, झालं! असं भाचा म्हणाला. इतकं सोपं नाही रे बाबा. छातीवर ठेवलेला प्रोब पोटावर ठेवला की गर्भ दिसतो. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राने केला, आणि तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती ती २०११ मध्ये ८९४ वर आली. म्हणून सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवावं लागतं, हृदयाचंसुद्धा, आणि २०१२ पासून हातात नेण्याजोग्या यंत्रांवर जास्तच बंधनं आहेत. ही बंधनं सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही. मुलींची शाळा रिकामी होताना बघण्यापेक्षा गैरसोय परवडली. पण त्याच नियमात एक दार उघडं ठेवलं आहे. इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या, नोंदणी केलेल्या फिरत्या वैद्यकीय पथकाला असं यंत्र नेता येतं. त्या दारातून जा. आणि जे मशीन प्रत्येक व्हिडिओ तारीख-वेळेसह ठेवतं, त्याच्यावर नजर ठेवणं उलट सोपं, नाही का?

दुसरी अट माझी. स्टॅनफर्डच्या मोठ्या माणसांच्या हृदयांवर शिकलेलं मशीन मोखाड्याच्या दहा वर्षांच्या पोरावर तसंच लावायचं नाही. छातीच्या एक्स-रेचंच बघा. आपल्या मुंबईत २०१६ मध्ये निघालेल्या क्यूअर.एआय कंपनीचं सॉफ्टवेअर क्षयासाठी एक्स-रे वाचतं. जागतिक आरोग्य संघटनेने अशा सॉफ्टवेअरना २०२१ मध्ये मान्यता दिली, पण पंधरा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठीच. वॉशिंग्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी युगांडातल्या मुलांचे इको घेऊन झडपेची गळती ओळखायला सॉफ्टवेअर शिकवून पाहिलं आहे. तसं पालघरच्या मुलांवर पाहा. आधी मशीन आणि तज्ज्ञ दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, जमतात का बघावं. आणि प्रत्येक रिपोर्टवर मराठीत एक ओळ असावी, "या यंत्राने झडप पाहिलेली नाही", किंवा पाहिली असेल तर तसं. नाहीतर आईबाप "मशीनने पास केलं" म्हणून निर्धास्त राहतील.

भाच्याचं म्हणणं, आधी मोठी रुग्णालयं घेतील, मग स्वस्त होईल, मग आपोआप खाली पोचेल. मी म्हटलं, विरारला लोकल आपोआप पोचली असेल बाबा, जव्हारला आजतागायत पोचलेली नाही. यावर तो गप्प बसला. पटलं म्हणून की फोन ठेवायचा होता म्हणून, देव जाणे. :)

आणखी एक राहिलं. ह्यांच्या दुसऱ्या इकोच्या वेळी मी टेक्निशियन मुलीला विचारलं, व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मिळेल का? पुढच्या वेळी ताडून बघता येईल. ती म्हणाली, आजवर कुणी मागितला नव्हता, पण देते. नालासोपाऱ्याहून येते, दिवसाला वीस-पंचवीस इको. कॉपी होईपर्यंत मी तिला ह्या सगळ्या मशीन-पुराणाची थोडी कल्पना दिली. वाटलं, नोकरीची काळजी वाटेल तिला. तर ती उजवं मनगट चोळत म्हणाली, "गिरवायचं काम घेऊ दे की, आजी. पण पेशंटच्या बरगड्यांत प्रोब दाबून धरायचा, तो कोण धरणार? हे बघा, संध्याकाळी चपाती लाटता येत नाही."